‘पगार’ आणि ‘शांती’ : एका लॅटिन क्रियापदाची वंशावळ

आपल्या धर्मजीवनात पोर्तुगीज भाषेने दिलेले शब्द कोणते, असे विचारले तर पॅरिशमधील शाळकरी मुलेही दोन-चार शब्द सहज सांगतील. मिस्सा, नाताळ, पाद्री, इगर्जी, क्रूस. हे शब्द आपण आपल्या श्रद्धेचा ठेवा म्हणून जपले आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच भाषेतून मराठीत आलेला एक शब्द देवळाच्या दाराबाहेर उभा राहिला, आणि त्याची चौकशी आपल्या लेखकांनी क्वचितच केली. तो शब्द म्हणजे ‘पगार’. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातील घराघरांत तो उच्चारला जातो. त्याच्या पोटात ‘शांती’ हा आपल्या उपासनेतील अत्यंत आवडता शब्द दडलेला आहे, हे मात्र आपल्या कानांना जाणवत नाही. या दोन शब्दांचे नाते काय, ते कसे तुटले, आणि ते तुटल्यामुळे आपल्या ख्रिस्ती मराठी लेखनाचे काय नुकसान झाले, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

लॅटिनमध्ये शांतीला ‘पाक्स’ म्हणतात. त्यावरून ‘पाकारे’ हे क्रियापद झाले. त्याचा मूळ अर्थ ‘शांत करणे’ असा. हा अर्थ ऐकायला गोड वाटतो. पण रोमन लेखकांच्या हाती तो फारसा गोड नव्हता. इ. स. पूर्व पहिल्या शतकात ज्युलियस सीझरने गॉल देशावरील स्वाऱ्यांची हकीकत लिहिली. त्यात एखादा मुलूख ‘शांत केला’ असे तो म्हणतो, तेव्हा तो मुलूख तलवारीने नमवला, एवढाच त्याचा अर्थ असतो. पुढे ऑगस्टस सम्राटाच्या काळी, इ. स. पूर्व ९ मध्ये, रोमला शांतीची संगमरवरी वेदी अर्पण करण्यात आली, ती स्पेन आणि गॉलमधील यशानंतर. या शांतीत जिंकलेल्याला समाधान होते. हरलेल्याला काय वाटते हे विचारण्याची रीत नव्हती. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने मात्र एका ब्रिटन सरदाराच्या तोंडी या रोमन शांतीची अतिशय कठोर निंदा घातली आहे. म्हणजे त्या शब्दातला खोटेपणा तेव्हाही काहींना दिसत होता.

या क्रियापदाला दुसरा अर्थ दिला तो सेनापतींनी नव्हे आणि पंडितांनीही नव्हे. साम्राज्याच्या उत्तरकाळात, बाजारात आणि गावगाड्यात बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमध्ये ‘पाकारे’ हा शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारात शिरला. ज्याचे देणे लागतो तो माणूस दाराशी येऊन बसला आहे, त्याला शांत करायचे आहे. तो शांत होणार कसा? त्याचे त्याला दिल्याने. प्रथम या क्रियापदाचे कर्म माणूस होता : धनकोला शांत करणे. पुढे कर्म बदलले आणि रक्कम झाली : पैसे देणे. अर्थाचा हा बदल लहान दिसतो, पण त्यात एक मोठा न्याय आहे. सीझरच्या वाक्यात बलवान दुर्बळाला ‘शांत’ करतो. बाजारातल्या वाक्यात देणेकरी येणेकऱ्याला शांत करतो, आणि शांती झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याला मिळायचे आहे त्याच्याकडे जातो. त्याचे समाधान झाले तरच क्रियापद पूर्ण झाले. संत जेरोम यांनी इ. स. ४०० च्या सुमारास केलेल्या लॅटिन बायबलात द्राक्षमळ्यातील मजुरांना मजुरी देण्याचा प्रसंग येतो. तेथे ‘पाकारे’ नाही, तेथे ‘देऊन टाकणे’ अशा अर्थाचे दुसरे क्रियापद आहे. ‘पाकारे’चा हा नवा अर्थ ग्रंथांनी नव्हे, लोकांच्या तोंडाने घडवला.

लॅटिनच्या मुली म्हणविल्या जाणाऱ्या भाषांत या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इटालियनमध्ये तो ‘पागारे’ झाला. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि कॅटलानमध्ये ‘पागार’. दोन स्वरांमधला ‘क’ मऊ होऊन ‘ग’ झाला. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपल्याकडेही संस्कृत ‘सकल’चा ‘सगळा’ आणि ‘मकर’चा ‘मगर’ याच रीतीने झाला. फ्रेंच आणखी पुढे गेली. तेथे हा ‘क’ विरघळून ‘य’ झाला आणि शब्द ‘पेये’ बनला, जसा आपल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांकडे ‘कोकिल’ची ‘कोयल’ झाली. नॉर्मन लोकांबरोबर हाच फ्रेंच शब्द इंग्लंडात गेला, आणि आज सर्व जग ज्याला ‘पे’ म्हणते तो जन्मला. फ्रेंचमध्ये तर एक विलक्षण योग जुळून आला आहे. शांती या अर्थाचा शब्द आणि वेतन या अर्थाचा शब्द यांचे लेखन वेगळे असले तरी उच्चार बहुधा एकच, ‘पे’. पॅरिसमधील कामगार ‘पे’ म्हणाला, तर तो काय मागतो आहे हे मागच्या-पुढच्या शब्दांवरूनच समजावे.

या क्रियापदाला उपसर्ग लागून जी भावंडे झाली ती अधिक बोलकी आहेत. इटालियन ‘आप्पागारे’ म्हणजे तृप्त करणे, मनाची भूक भागवणे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘आपागार’ म्हणजे विझवणे. आग विझवली, दिवा मालवला, तर हाच शब्द. दिवा शांत झाला असे आपणही म्हणतोच की! सर्वांत वेगळी वाट रुमानियन भाषेची. तिने पैसे देण्यासाठी स्लाव्ह लोकांकडून दुसराच शब्द उचलला, आणि ‘पाकारे’च्या कुळातला ‘इंपाका’ हा शब्द भांडलेल्यांचा समेट करण्यासाठी राखून ठेवला. म्हणजे एका टोकाला देणे चुकते करणे आणि दुसऱ्या टोकाला समेट. मध्ये तृप्ती, आणि मध्येच विझलेली आग. एका क्रियापदाच्या लेकरांनी आपसांत वाटून घेतलेली ही मालमत्ता पाहिली म्हणजे मूळ घर किती मोठे होते ते कळते.

यांतला पोर्तुगीज ‘पागार’ १५१० नंतर गोव्यात आणि १५३४ नंतर वसईत राज्य करणाऱ्यांच्या तोंडून आपल्या किनाऱ्यावर ऐकू येऊ लागला. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे. मराठीने त्याचे नाम केले. आपल्याच समाजातील थोर भाषापंडित मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो (१८५५–१९२२) यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश १९१३ साली प्रसिद्ध केला, त्यात या शब्दाचा आशियातील प्रवास नोंदलेला आहे. बार्देशातील आसगावच्या या धर्मगुरूने पाव-बटाट्याच्या शब्दांनाही विद्वत्तेच्या पंक्तीला बसवले, हे त्यांचे आपल्यावरचे ऋण आहे.

नाम झाले तरी मराठीतल्या ‘पगार’ची मूळची क्रिया पुरती गेलेली नाही, असे आम्हांला वाटते. आपण ‘पगार मिळाला का?’ असे विचारतो, पण त्याहून अधिक वेळा ‘पगार झाला का?’ असे विचारतो. पाऊस होतो, लग्न होते, तसा पगार होतो. ती नुसती वस्तू नाही. ती घडण्याची गोष्ट आहे, आणि ती घडली नाही तर घराचा महिना अडून राहतो. ‘पगारी’, ‘बिनपगारी’, ‘पगारवाढ’, ‘पगारपत्रक’ असा त्याचा गोतावळा वाढला. ‘बिनपगारी फुल अधिकारी’ ही चेष्टाही जन्माला आली. आज किती मराठी माणसांना हा शब्द परका वाटत असेल?

गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. या भूमीवर पोर्तुगिजांचा अंमल कधीच नव्हता. तेथील कॅथलिक ज्या नागपूर महाधर्मप्रांतात येतात, त्याची पायाभरणीही पोर्तुगीज मिशनऱ्यांनी केलेली नाही. सव्हॉय प्रांतातील आन्सी येथून १८४५ साली निघालेल्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाच्या फ्रेंचभाषक धर्मगुरूंनी मध्य भारतातील ते काम उभारले, आणि १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. म्हणजे गोंदियाला धर्म ‘पेये’ म्हणणाऱ्यांनी शिकवला, आणि वेतनाचा शब्द आला तो ‘पागार’ म्हणणाऱ्यांकडून, मराठी भाषेच्या पाठीवर बसून, शेकडो मैलांवरून. आज तेथील रेल्वेतला कर्मचारी, शाळेतला गुरुजी, भातगिरणीतला हिशेबनीस हे सारे ‘पगार’च म्हणतात.

परंतु त्याच जिल्ह्यात जो रोवणीला चिखलात उतरतो, तेंदूपत्ता तोडून संकलनाच्या फळीवर नेतो, किंवा घरी बसून हजाराच्या हिशेबाने बिड्या वळतो, त्याच्या तोंडी ‘पगार’ नाही. त्याची ‘मजुरी’ किंवा ‘रोजी’ असते. आणि धान विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी तिसराच शब्द असतो, ‘चुकारा’. धानाचे चुकारे रखडल्याच्या बातम्या पूर्व विदर्भातील वर्तमानपत्रांच्या वाचकांना नवीन नाहीत. या ‘चुकारा’ शब्दाचा बाज ‘पाकारे’च्या जवळचा आहे. चुकता करणे म्हणजे संपवणे, शिल्लक न ठेवणे. मराठीचे आणखी एक क्रियापद आहे ‘फेडणे’. त्याचा मूळ अर्थ सोडणे, उकलणे. आपण गाठ फेडतो, कर्ज फेडतो आणि नवसही फेडतो. लॅटिनमध्येही गाठ सोडण्याचे क्रियापद ‘सोल्व्हेरे’ देणे फेडण्यासाठी वापरले जाई, आणि पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरू जी मुक्ती देतो तिचे लॅटिन नाव त्याच क्रियापदावरून झाले आहे. उलट ‘पाक्स’ हा शब्द ‘घट्ट बसवणे, करार करणे’ या अर्थाच्या धातूवरून आला, आणि आपला ‘पाश’ही त्याच्या दूरच्या नात्यातला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. देणे ही बांधलेली गाठ आहे. ती फेडली म्हणजे शांती. ही गोष्ट टायबर नदीच्या काठच्या आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या, अशा दोन्हीकडच्या माणसांना वेगवेगळ्या शब्दांनी सारखीच कळली होती.

आता आमच्या मूळ तक्रारीकडे वळतो. आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतील कविता, चिंतने आणि नाताळ विशेषांकांतील ललित लेख यांतून ‘शांती’ हा शब्द जितक्या वेळा येतो तितका क्वचितच दुसरा कोणता येत असेल. ती शांती बहुतेक वेळा चांदण्यात असते, गोठ्यात असते, अंतःकरणात असते. क्वचितच कोणाच्या घामाच्या हिशेबात असते. शांतीचे विशेषण ‘निःशब्द’ असते, ‘नीरव’ असते. शब्द गप्प बसले की शांती झाली, असा समज या लेखनामागे आहे. तो समज बाजारातल्या ‘पाकारे’चा नव्हे, तो सीझरच्या ‘पाकारे’चा आहे. ज्याला मिळायचे ते मिळालेले नाही, पण तो बोलत नाही. अशा स्थितीलाही आपले लेखन नकळत शांती म्हणून जाते.

प्रवचनांत आणि लेखांत वेतनाचा उल्लेख येतो तेव्हा एक ठरावीक दाखला हमखास दिला जातो : रोमन सैनिकांना पगाराऐवजी मीठ मिळे, म्हणून इंग्रजीतील ‘सॅलरी’ हा शब्द मिठावरून आला. शब्दाचे नाते मिठाशी आहे, हे खरे. परंतु सैनिकांना वेतन म्हणून मीठ वाटत असत, असे सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. हा दाखला ऐकणाऱ्याला गंमत वाटते, आणि तो घरी जातो. त्याच्या स्वतःच्या खिशातला ‘पगार’ हा शब्द शांतीच्या कुळातला आहे, हे त्याला कोणी सांगितले असते, तर तो इतक्या निर्धास्तपणे घरी गेला असता काय?

आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. मराठीत मोबदल्याच्या शब्दांची उतरंड आहे. अधिकाऱ्याला वेतन, नोकराला पगार, कष्टकऱ्याला मजुरी, कलावंताला बिदागी. आणि ज्यांच्याकडून काम पूर्ण हवे पण ज्यांना कर्मचारी म्हणायचे नाही, त्यांच्यासाठी एक फार देखणा शब्द घडवला गेला आहे : ‘मानधन’. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना वर्षानुवर्षे जे मिळते ते मानधन. त्या जेव्हा मोर्चा काढून ‘मानधन नको, वेतन द्या’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दांचीच समीक्षा करीत असतात. आपल्या संस्थांच्या आवारातही अशा देखण्या शब्दांची कमतरता नाही. ‘सेवा’, ‘समर्पण’, ‘पाचारण’ हे शब्द ज्याने स्वतःहून व्रत घेतले त्याच्या बाबतीत पवित्र आहेत. तेच शब्द स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईच्या, वसतिगृहातील आयाच्या, गावोगाव पायी फिरणाऱ्या धर्मशिक्षकाच्या महिन्याच्या रकमेपुढे ठेवले, की ते पडद्याचे काम करतात. अनेक ठिकाणी हिशेब चोख ठेवला जातो, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे लेखनापुरते आहे : या माणसांवर आपल्याकडे गौरवलेख लिहिले जातात, त्यांत त्यांची निष्ठा असते, साधेपणा असतो, हसरा चेहरा असतो, त्यांचा पगार नसतो.

येथे एखादा जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. शब्दाची व्युत्पत्ती हा नीतीचा पुरावा होत नाही. ‘पगार’ उच्चारणाऱ्या गोंदियाच्या माणसाच्या मनात लॅटिन शांती नसते. आणि ‘पागार’ म्हणणाऱ्या पोर्तुगिजांनी या देशात सर्वांना शांतवले, असे तर इतिहास मुळीच म्हणत नाही. शब्दाच्या मुळात जे होते ते त्याच्या फळात असतेच असे नाही. हे सारे आम्हांला मान्य आहे. व्युत्पत्ती आज्ञा देत नाही. ती आठवण देते. सर्वसामान्य माणसांनी एके काळी कोणती गोष्ट इतकी उघड मानली होती की त्यासाठी वेगळे क्रियापद शोधण्याची त्यांना गरज वाटली नाही, एवढेच ती सांगते. मजुराला त्याचे दिल्यावाचून शांती होत नाही, ही ती गोष्ट.

धर्मशास्त्राला तर या आठवणीसाठी लॅटिनची वाट पाहावी लागली नव्हती. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा दंडक अनुवादाच्या पुस्तकात आहे. संत याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते, आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. तेथे निःशब्द शांती नाही. आधुनिक काळात पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून न्याय्य वेतनाचा प्रश्न श्रद्धेच्या प्रांगणात आणला. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये न्याय्य वेतन हीच सगळ्या आर्थिक व्यवस्थेच्या न्यायाची कसोटी ठरवली. आपल्या देशात १९३६ च्या कायद्याने एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेत वेतनाचा काळ संपल्यावर सात दिवसांच्या आत वेतन हाती पडले पाहिजे, असे बंधन घातले. अनुवादाच्या पुस्तकात सूर्यास्ताची मुदत होती, येथे सात दिवसांची; पण ‘पगार झाला’ या वाक्याला मुदत असते, हे दोन्हीकडे मान्य झाले. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी सज्जावरून जगाला पहिले अभिवादन केले ते शांतीचे. आणि दोनच दिवसांनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना त्यांनी लिओ तेरावे यांच्या त्याच परिपत्रकाचे स्मरण केले. शांती आणि श्रमाचा न्याय यांचे नाते असे आठवडाभरात पुन्हा जगासमोर आले.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. १ मे हा महाराष्ट्राचा दिवस, कामगारांचा दिवस, आणि १९५५ पासून कामकरी संत योसेफ यांचा सण. त्या दिवशी देवळात होणाऱ्या मिस्सेत आपण एकमेकांना शांतीचे अभिवादन करू. हात जोडताना किंवा हातात हात घेताना, या हाताचे त्या हाताला काही देणे राहिले आहे काय, हा प्रश्न मनात आला तर तो उपासनेतला व्यत्यय समजू नये. आपल्या लेखकांनीही पुढच्या खेपेला शांतीवर लिहावयास बसताना एक पंगत वाढवावी : चांदण्याच्या शेजारी हजेरीपत्रक ठेवावे. त्याने कविता बिघडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ‘पाकारे’ला जो अर्थ लोकांनी दिला तो कवितेहून कमी नाही, आणि तो आपल्याकडे ‘पगार’ या नावाने चारशे वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला आहे.